अर्थिंग काढले आणि ओव्हन सुरू झाला. आता पुढे काय?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावातून वाचक भगिनींनी पाठवलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. त्या घरून केक, नानकटाई आणि बिस्किटांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचा ४० लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा ओव्हन, पाच वर्षांचा असून त्याची वॉरंटी केव्हाच संपली आहे. घरातील आजारपणामुळे जून-जुलैत काम बंद होते आणि ओव्हन मागच्या पडवीत झाकून ठेवलेला होता. तो पुन्हा लावला तेव्हा बटण दाबताक्षणी घराचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडू लागला. त्यांचे ७२ वर्षांचे सासरे, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, मुंबईच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी प्लगमधली हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर काढून टाकली आणि ईएलसीबी पडणे थांबले. मात्र आठवड्याभरात खालचे दोन्ही रॉड तापेनासे झाले. आता नानकटाई वरून करपते आणि खालून कच्ची राहते. शहरातून मेकॅनिक आला तो १५ दिवसांनी. त्याने पाच मिनिटे पाहून ‘पूर्ण सेट बदलावा लागेल’ असे सांगितले आणि नव्या ओव्हनच्या निम्म्याहून अधिक खर्चाचा अंदाज दिला. यजमान ‘नवाच घे’ म्हणतात. शिवाय दुरुस्तीचा एक व्हिडिओही त्यांनी पाठवला आहे, ज्यात झाकण उघडल्यावर आधी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, डिस्चार्ज करायला सांगितले आहे. आप्पा म्हणतात, ‘दोन तासांचे काम आहे, मी करतो.’ गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत आणि चाकरमान्यांच्या ऑर्डरी घेऊन झाल्या आहेत. आप्पांना ओव्हन उघडू द्यावा का, असे त्या विचारतात. नाही म्हटले तर ते दुखावतील आणि हो म्हटल्यावर काही बरेवाईट झाले तर ते जन्मभर मनाला लागून राहील, असे त्यांनी लिहिले आहे.

प्रिय भगिनी,

हे उत्तर पुढे वाचण्याआधी एक काम करून या. ओव्हनचा प्लग काढा आणि ती हिरवी वायर पुन्हा जागेवर बसेपर्यंत तो लावू नका, मग ऑर्डर कितीही तातडीची असो. बाकी सर्व प्रश्नांचा विचार करायला तीन आठवडे हाताशी आहेत, या एका प्रश्नाला एक दिवसही देता येणार नाही.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले: ‘आप्पांनी ट्रिप होण्याचा प्रॉब्लेम सोडवला, पण मग रॉड गेले.’ या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. ईएलसीबी पडणे हा बिघाड होता आणि तो दूर झाला, असे तुम्ही धरून चालला आहात. वास्तविक ईएलसीबी पडत होता तेव्हा घरातील सर्वांत शहाणे उपकरण तेच होते. ज्याला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो आणि ज्याचे आजचे नाव आरसीसीबी आहे, ते एवढेच पाहते की फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही. घरगुती वापरात सहसा ३० मिलिअँपिअरची तफावत पडताच ते वीज तोडते. तुमच्या ओव्हनमधला प्रवाह कुठेतरी गळत होता, ओव्हनच्या पत्र्यावर येत होता आणि हिरव्या वायरीतून जमिनीत जात होता. आप्पांनी ती वायर काढल्यावर गळती थांबली नाही; तिची वाट तेवढी बंद झाली. आता ती वीज पत्र्यावर थांबून दुसरी वाट शोधते आहे, आणि कोकणातल्या पावसाळी स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ओव्हनचे दार उघडणाऱ्या माणसापेक्षा सोपी वाट तिला मिळणार नाही. अशा वेळी ईएलसीबी बहुधा पडेलच, पण तो झटका तुमच्या अंगातून गेल्यानंतर पडेल. अर्थिंग शाबूत असताना हीच गोष्ट ट्रेला हात लावण्याआधी, कुणालाही न कळता घडत होती.

म्हणूनच तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन सर्वांत लांब आणि जाड असते. प्लग आत जाताना ती आधी टेकावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी, असा तिचा हिशोब आहे.

आप्पांनी असे का केले असेल, याचा विचार केल्याशिवाय त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. त्यांच्या उमेदीच्या काळातली घरगुती विजेची उपकरणे आठवून पाहा. चिनी मातीच्या खाचांत उघडी कॉईल बसवलेली शेगडी, झाकणात काचेची गोल खिडकी असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन, अभ्रकाच्या पट्टीवर तार गुंडाळलेली इस्त्री. कॉईल तुटली की पक्कड घेऊन दोन टोकांना पीळ द्यायचा आणि शेगडी पुन्हा लाल करायची, हे त्या पिढीच्या हातात बसलेले काम होते. (प्रत्येक पिळाबरोबर तार थोडी आखूड होते, तिचा रोध कमी होतो, ती आधीपेक्षा जास्त तापते आणि लवकरच दुसरीकडे तुटते, हेही त्यांना ठाऊक असे; नवी कॉईल आणायला पुढच्या पगाराची वाट पाहावी लागे, इतकेच.) त्या उपकरणांत बिघाड डोळ्यांना दिसत असे. कित्येक घरांत अर्थिंग नावापुरतेच असे आणि ईएलसीबी तर नसेच. अशा जगात शिकलेल्या माणसाला पडणारा ईएलसीबी हा फुकटचा व्यत्यय वाटला, तर त्यात त्यांचा दोष कमी आणि काळाचा अधिक आहे.

आता ओव्हनकडे वळू. तुमच्या ओटीजीमधला रॉड म्हणजे स्टीलची बारीक नळी आहे. तिच्या मधोमध नायक्रोमच्या तारेची स्प्रिंग आहे आणि तारेच्या व नळीच्या मधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली आहे. ही भुकटी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. तिचा एकच दुर्गुण असा की ती ओल धरते. रॉडच्या टोकांना सील असते, परंतु पाच वर्षे तापून-थंड होऊन ते सील पूर्ण हवाबंद राहत नाही. तुमचा ओव्हन रत्नागिरीच्या पावसात दोन महिने पडवीत होता. भुकटीत दमटपणा शिरला, ती थोडी थोडी वीज नळीपर्यंत येऊ देऊ लागली आणि बटण दाबताक्षणी ईएलसीबी पडू लागला. ‘दाबताक्षणी’ हा शब्द तुम्ही लिहिलात हे फार चांगले झाले. ओव्हन व्यवस्थित सुरू होऊन, दहा-पंधरा मिनिटे तापल्यावर ईएलसीबी पडला असता, तर मला रॉडच्या नळीला तडा गेल्याचा किंवा एखादी वायर तापून पत्र्याला टेकल्याचा संशय अधिक आला असता. एमसीबी पडला असता, तर विचार आणखी वेगळा झाला असता. एमसीबी जादा भार किंवा शॉर्टसर्किट पाहतो, गळती त्याला दिसत नाही. हे वाचणाऱ्या इतरांनीही मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी बोर्डावर नेमके कोणते बटण पडते आणि किती वेळाने पडते, हे लिहून ठेवावे. निम्मे निदान तिथेच होते.

तेव्हा पहिला बिघाड बहुधा केवळ ओलीचा होता. दुसरा, म्हणजे खालचे रॉड न तापणे, हा त्यातूनच उद्भवला असेल किंवा स्वतंत्र असेल. गळती चालू असताना ओव्हन आठवडाभर तापत राहिला, त्यात एखादा रॉड आतून जळाला असणे शक्य आहे. पण इथे तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे मला पटत नाही. दोन रॉड एकाच दिवशी स्वतंत्रपणे जळणे हा योगायोग क्वचितच घडतो. काही मॉडेलांत खालचे दोन रॉड एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की दुसरा धडधाकट असूनही थंड पडतो. किंवा दोन्हींना वीज देणारी एकच वायर टोकाशी जळून सुटलेली असते. किंवा वर-खाली-दोन्ही असे निवडण्याच्या नॉबमागच्या स्विचचा एक संपर्क काळा पडलेला असतो. या तिन्ही बाबतींत ‘पूर्ण सेट’ बदलण्याची गरज नाही. पाच मिनिटांत, मीटर न लावता दिलेला हा निर्णय निदान नव्हता, असेच मला म्हणावे लागेल.

यावरून तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. तुम्ही प्रश्न असा मांडला आहे की ओव्हन आप्पांनी उघडावा, मेकॅनिकने सेट बदलावा किंवा नवा घ्यावा, आणि तिघांपैकी एकाला होकार दिला की उरलेले दोघे नाराज होणार. मला वाटते की ‘उघडणे’ आणि ‘दुरुस्त करणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. प्लग काढून, ओव्हन थंड करून, मागचे झाकण खोलून आत पाहणे व मीटरने मोजणे हे काम फिटर म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाने जरूर करावे. त्यापुढे काय करायचे ते मोजलेले आकडे पाहून ठरवता येईल, आणि शेवटची एक तपासणी मात्र बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावी लागेल. त्याविषयी पुढे लिहिते.

त्याआधी यजमानांच्या व्हिडिओविषयी. कपॅसिटर डिस्चार्ज करायला सांगणारा तो व्हिडिओ तुमच्या ओव्हनचा नाही. तो मायक्रोवेव्हचा आहे. मराठीत आपण दोन्हींना ‘ओव्हन’ म्हणतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. साध्या ओटीजीत तापणारे रॉड, थर्मोस्टॅट, टायमर आणि स्विच यांपलीकडे फारसे काही नसते. कुठे एखादा पंखा किंवा फिरत्या सळईची छोटी मोटर असते. प्लग काढला की तो विजेच्या दृष्टीने निर्जीव होतो. मायक्रोवेव्हचे तसे नाही. त्यात २३० व्होल्टचे काही हजार व्होल्ट करणारी यंत्रणा असते आणि प्लग काढल्यानंतरही त्यातला कपॅसिटर भरलेला राहू शकतो. मायक्रोवेव्हचे झाकण घरी उघडू नये; आप्पांनी नाही, यजमानांनी नाही आणि मीही उघडत नाही. त्याची आतली फिरणारी काच, तिच्याखालचे चाक, दाराची स्वच्छता एवढेच आपले. गॅसवरच्या ओव्हनचीही अशीच मर्यादा आहे: बर्नरची छिद्रे साफ करणे घरी ठीक, पण गॅसची नळी, व्हॉल्व्ह किंवा जोड सैल करण्याचे काम माहीतगारावरच सोपवावे.

आता मोजमाप. बाजारात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे, आणि तो आप्पांकडे आधीच असण्याची शक्यता मला दाट वाटते. प्लग भिंतीतून काढून त्यांच्या डोळ्यांसमोर, टेबलावर ठेवावा. जुन्या वायरमनना फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवण्याची सवय असे, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून मेन चालू केले तरी काम करणाऱ्याला धक्का बसू नये. आप्पांना हा दाखला द्या. त्यांनी कारखान्यात ते पाहिले असेलच. ओव्हन किमान दोन-तीन तास थंड असावा. मागचे झाकण काढताना हातात जाड मोजे हवेत, कारण विजेच्या आधी पत्र्याच्या कडाच हात कापतात. एकही वायर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर तीन-चार फोटो काढून ठेवा. हे काम तुम्ही करा, म्हणजे आप्पांच्या शेजारी बसण्याचे निमित्तही होईल.

प्रथम डोळ्यांनी पाहा. रॉडच्या टोकाला बसवलेले थिंबल, म्हणजे वायर जोडण्याचे धातूचे टोक, काळे पडले आहे का, वायरवरची जाळीदार नळी जळाली आहे का, कुठे पांढरट-हिरवट गंज आहे का. खाऱ्या हवेत हा गंज फार दिसतो. पुष्कळदा बिघाड इथेच सापडतो आणि मीटरची गरजही उरत नाही. तसे काही न दिसल्यास खालच्या प्रत्येक रॉडच्या एका टोकाची वायर सोडवून रॉडचा रोध मोजा. गणित सोपे आहे: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. तुमच्या ओव्हनवर २००० वॅट लिहिले असेल आणि चारही रॉड सारखे व स्वतंत्रपणे जोडलेले असतील, तर प्रत्येक रॉड ५०० वॅटचा, म्हणजे सुमारे १०५ ओहमचा. खालची जोडी सिरीजमध्ये असून मिळून १००० वॅटची असेल, तर प्रत्येक रॉड साधारण २६ ओहम दाखवील. नायक्रोमचा रोध थंड आणि गरम अवस्थेत फारसा बदलत नाही, म्हणून थंडपणी मोजलेला आकडा विश्वासार्ह असतो. दोनपैकी एक रॉड योग्य आकडा दाखवतो आणि दुसरा काहीच दाखवत नाही, असे आढळले तर दोषी सापडला. दोन्ही ठीक असतील तर स्विच आणि वायर तपासायची.

त्यानंतरचे मोजमाप अधिक महत्त्वाचे आहे. रॉडच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवा, मीटरची एक सळई टोकाच्या पिनेवर आणि दुसरी रॉडच्या बाहेरच्या नळीवर ठेवा. इथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. थोडा हिशोब करून पाहा: २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळण्यासाठी रोध साडेसात हजार ओहमच्या आसपास यावा लागतो, आणि ईएलसीबी त्याहून थोड्या कमी गळतीलाही पडू शकतो. मीटरवर हजारांतला किंवा काही लाखांतलाही आकडा दिसला तर तो रॉड ओला आहे असे समजावे. असा रॉड लगेच टाकून देऊ नका. तो ओव्हनमधून काढून, शेजारच्या एखाद्या घरच्या चालू ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास ठेवला, तर भुकटीतली ओल निघून जाते आणि रॉड पुष्कळदा पूर्ववत होतो. आधी मोजावे, वाळवावे आणि पुन्हा मोजावे. आकडा वाढून मीटरवरून नाहीसा झाला तर उत्तम, नाही तर नवा रॉड आणावा. सलग चार दिवस ऊन पडले तर उन्हाचाही काही उपयोग होतो, पण तुमच्याकडे या दिवसांत त्याची खात्री कोण देणार!

नवा रॉड आणताना जुना रॉड सोबत न्यावा. लांबी, वाक, टोकाची पिन आणि वॅट हे तर जुळले पाहिजेच, पण ज्याकडे दुकानदारही दुर्लक्ष करतात तो आकडा व्होल्टचा आहे. सिरीजमधल्या जोडीतला रॉड ११५ व्होल्टचा असतो. त्याच्या जागी तितक्याच वॅटचा २३० व्होल्टचा बसवला, तर ओव्हन कोमटच राहील. उलट ११५ व्होल्टचा रॉड थेट २३० वर जोडला, तर तो चौपट वॅट खेचून काही वेळातच जळेल. रोध मोजून घेतलेला असला की हा घोळ होत नाही. दुकानातच नव्या रॉडला मीटर लावून पाहावा आणि त्यात संकोच करू नये.

जोडणीच्या बाबतीत मी स्वतः एकदा हात पोळून घेतले आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या ओव्हनमधले जळालेले थिंबल कापून मी तिथे वायरला सोल्डरचा डाग दिला. दिसायला ते काम चांगले चकचकीत झाले होते. पहिल्याच पावाच्या वेळी वीज गेली. झाकण उघडले तेव्हा डागाचा थेंब वितळून खाली पत्र्यावर टिकलीसारखा चिकटला होता आणि वायर मोकळी लोंबत होती. साधे सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळते, हे मला पाठ होते, पण ओव्हनच्या मागच्या कप्प्यात रॉडच्या टोकाशी किती उष्णता असते याचा विचार मी केला नव्हता. तिथे दाबून बसवलेले थिंबल किंवा चिनी मातीचा कनेक्टरच लागतो. घरच्या वायरिंगमधून उरलेला वायरचा तुकडाही चालत नाही. त्यावरचे साधे पीव्हीसी ७० अंशांसाठी असते. काचेच्या धाग्याचे आवरण असलेली उष्णतारोधक वायर वेगळी मागून घ्यावी. आणि आत एखादा छोटा थर्मल कटआउट, म्हणजे उष्णता फार वाढली की वीज तोडणारा भाग, जळालेला आढळला, तर त्याच्या दोन टोकांना वायर जोडून काम भागवण्याचा मोह आप्पांनाच काय, कुणालाही होईल, तो टाळावा. हिरवी वायर काढण्याचीच ती दुसरी आवृत्ती आहे.

आता बाहेरच्या माणसाविषयी. मल्टिमीटर बॅटरीच्या जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, त्यामुळे २३० व्होल्टला होणारी गळती कधी कधी त्याला दिसत नाही. परवानाधारक वायरमनकडे ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा मेगर असतो. सर्व जोडून झाल्यावर, ओव्हन पहिल्यांदा विजेला लावण्याआधी, त्याला बोलावून ओव्हनचे आणि त्याच भेटीत तुमच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या अर्थिंगचे मोजमाप करून घ्या. ओव्हनचे इन्सुलेशन एक मेगाओहमच्या बरेच वर असायला हवे. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा नीट केलेला आणि देखभाल केलेला नसला तर अर्थची पिन असूनही तिच्यामागे काही नसते. २००० वॅटचा ओव्हन सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणून त्याला मोठ्या पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. छोट्या सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर लावून चालवत असाल, तर रॉडच्या आधी तो अ‍ॅडॉप्टर फेकून द्या. ईएलसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना, हेही पाहत जा.

आप्पांना हे सांगायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते. तुम्ही धरून चालला आहात की नकार दिला तर ते दुखावतील. परंतु तुमच्या पत्रात त्यांनी कुणाचे ऐकले नाही असा एकही प्रसंग नाही. उलट, त्यांना कुणी काही विचारलेलेच दिसत नाही. मेकॅनिक आला तेव्हा त्याच्याशी बोलायला त्यांना बोलावले होते का? ‘आप्पा, तुम्ही आता राहू द्या’ हे वाक्य कोणत्याही फिटरला बोचेल. ‘आप्पा, पत्र्यावर करंट येतो आहे का ते आधी मोजायचे आहे, मीटर काढता का?’ हे वाक्य त्याच माणसाला कामाला लावील. हिरव्या वायरीचा विषय मात्र गोड शब्दांत गुंडाळू नका. ओव्हनला रोज हात मी लावते, आणि घरात मूल असेल तर तेही लावते, एवढे सरळ सांगा. उरला प्रश्न नजरेचा आणि हाताच्या थरथरीचा. वय ७२ आहे म्हणून ती असेलच असे नाही, पण चष्म्याशिवाय मीटरचा आकडा वाचता येत नसेल, तर स्क्रू त्यांनी फिरवावेत आणि आकडे तुम्ही वाचावेत. स्वतःच्या पोटापाण्याच्या यंत्राच्या आत काय आहे, हे तुम्हालाही ठाऊक असलेले बरे.

मोजमाप करून असे निघाले की दोन्ही रॉड गेले आहेत, स्विचही जळाला आहे आणि तळाचा पत्रा गंजून पातळ झाला आहे, तर यजमानांचे म्हणणे खरे ठरेल. तेव्हा नवा घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. एखादा सुटा भाग हवा असूनही कंपनी तो देत नसेल, तर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर सहभागी कंपन्यांची सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती पाहता येते, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढच्या वेळी कोणताही मेकॅनिक आला की खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. तो भाग नंतर घरी आप्पांना तपासता येईल.

गणपतीच्या ऑर्डरींचे काय, हे तुम्ही शेवटी दोन ओळींत विचारले आहे. नुसत्या वरच्या रॉडवर नानकटाई करण्याचा खटाटोप सोडा. ती जमणार नाही. घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी लोक पीठ मळून डबे बेकरीत घेऊन जात आणि पावांचा घाणा निघाल्यावर उतरत्या भट्टीत नानकटाई भाजून आणत. तुमच्या तालुक्याच्या गावी एखादी जुनी बेकरी असेल तर तिथे विचारून पाहा. दिवसभराची वेळ ठरवून भाडे दिले, तर तीन-चार ऑर्डरी एका खेपेत निघतील. केकसाठी जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू घालून, त्यावर तिवई ठेवून काम भागते, पण एका वेळी एकच.

ओव्हन दुरुस्त होऊन आला की पहिल्या दिवशी त्यात काही भाजू नका. खिडक्या उघड्या ठेवून तो रिकामाच अर्धा तास चालवा, कारण नव्या रॉडवरचा लेप आणि हाताळताना लागलेले तेल जळून थोडा धूर आणि वास येतो. मग ओव्हनच्या आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेऊन, नॉब १५०, १८० आणि २०० वर असताना आत प्रत्यक्ष किती अंश होतात ते आप्पांना वहीत उतरवायला सांगा. नॉबचा आकडा आणि आतली उष्णता यांत १५-२० अंशांचा फरक निघाला तर दचकू नका. साध्या थर्मोस्टॅटमध्ये तो असतोच. तो फरक कागदाच्या पट्टीवर लिहून ओव्हनजवळच्या भिंतीवर चिकटवा. नानकटाईचा पहिला ट्रे लहान करा, तो अर्ध्या वेळाने फिरवा आणि कोणत्या कोपऱ्यातल्या आधी लाल होतात ते पाहून ठेवा.

आणि हो, पुढच्या जूनमध्ये ओव्हन पडवीत ठेवू नका. काम बंद असले तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तो रिकामा तापवत राहा.

तुमची,
सदर लेखिका